पाडायचाय? मग आधी एकदा दार उघडा

पावसाळा तोंडावर आला की पुणे महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा चिकटवायला निघते. दिंडी दरवाजावर कागद, कागदावर शिक्का, खाली ‘आत प्रवेश करू नये’. दोन-चार सरी पडल्या की शाई उतरते आणि दरवाजा पुढे वर्षभर तसाच राहतो. भाडेकरू हा कागद वाचत नाहीत, त्यांना तो पाठ झालेला असतो. मालक वाचत नाहीत, कारण बऱ्याचदा अर्ज त्यांचाच असतो. तो मन लावून वाचतात ती विशी-बाविशीतली पोरं. पाठीला सॅक, हातात मोबाईल. नोटिशीतून त्यांना आयता पत्ता मिळतो.

बंद वाडे, बंद टॉकीज, ओस पडलेल्या कारखान्याच्या शेड, सरकारी बंगले अशा ठिकाणी शिरून चित्रण करण्याची आवड आता पुण्यातही चांगली रुजली आहे. तिचा एक भाग निव्वळ पोरकट आहे. रात्री टॉर्च घेऊन जायचं, दार करकरलं की किंचाळायचं, मागे भेसूर संगीत लावायचं. नारायणराव पेशव्यांचा 1773 मध्ये खून झाला, आणि त्यांच्या भुताच्या नावाने शनिवारवाड्यावर या मंडळींनी जो अन्याय चालवलाय त्याला तोड नाही. पण याच गर्दीत अशीही मुलं असतात, जी तुळईवरचं कोरीवकाम जवळून टिपतात, जिना कुठून कुठे जातो ते समजून घेतात, जुन्या फरशीवरचा कारखान्याचा छाप वाचतात. त्यांच्या चित्रफिती मी आवडीने पाहतो. पाहताना पोटात गोळाही येतो, कारण ज्या माळ्यावर ती उभी असतात तो कशाच्या आधारावर उभा आहे हे त्यांना ठाऊक नसतं.

या मुलांना झोडपणं सोपं आहे. शहरातल्या जुन्या इमारतीत आत काय आहे हे बघावंसं वाटण्यात मला काही गैर दिसत नाही. ती चोरून बघावी लागते यात मात्र गैर आहे, आणि त्याची जबाबदारी पोरांपेक्षा आपल्या व्यवस्थेवर जास्त येते. माझी मागणी साधी आहे. शंभरी ओलांडलेली इमारत पाडायची परवानगी देण्याआधी दोन गोष्टी सक्तीच्या कराव्यात. तिचं आतून-बाहेरून मोजमाप घेऊन नकाशे आणि छायाचित्रं महापालिकेत जमा व्हावीत, आणि जिथे सुरक्षित असेल तिथे, असेल तेवढ्याच भागात, एक दिवस ती नागरिकांना दाखवावी. त्यानंतर खुशाल पाडावी.

‘खुशाल’ म्हणतोय ते मनापासून. प्रत्येक वाडा जपलाच पाहिजे असं म्हणणाऱ्यांत मी नाही. पडझडीचं सौंदर्य दिसायला गळक्या छपराखाली बादल्या न लावाव्या लागणारा माणूस असावा लागतो. सार्वजनिक संडासासमोर सकाळी रांग लावलेल्या बिऱ्हाडाला ‘तुम्ही वारसा जगताय’ हे सांगायची माझी हिंमत नाही.

आधी कायद्याचं बघू, कारण ‘आम्ही काही चोरत नाही, मग गुन्हा कसला’ हा प्रश्न पोरं नेहमी विचारतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 प्रमाणे दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत गुन्हा करण्याच्या, किंवा ताबेदाराला धमकावण्याच्या, अपमानित करण्याच्या वा त्रास देण्याच्या इराद्याने शिरलं तर तो फौजदारी गुन्हा होतो. शिक्षा 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. राहती वास्तू असेल तर कैद वर्षापर्यंत जाते. म्हणजे इरादा महत्त्वाचा, आणि निव्वळ कुतूहल हा असा इरादा आहे असं म्हणणं अवघड. पण इरादा कोणता होता हे ठरायचं पोलीस चौकीत बसून, घरच्यांना फोन गेल्यावर. दिवाणी दावा वेगळाच. आणि जागा संरक्षित स्मारक असेल, तिथे कुणी नाव कोरलं, दगड हलवला, तर 1958 चा केंद्राचा कायदा लागतो. त्यात 2010 च्या दुरुस्तीनंतर 2 वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड आहे. थोडक्यात, कायद्याने दार बंद केलंय आणि खिडकी किंचित किलकिली ठेवलीय. त्या खिडकीतून शिरणाऱ्याचं नशीब बऱ्याच अंशी समोरच्या हवालदाराच्या मूडवर अवलंबून असतं.

मुळात हे वाडे ओस का पडतात? बेवारस वाडा पुण्यात सहसा सापडायचा नाही. सापडतो तो वारस जास्त झालेला. मालमत्ता पत्रकावर पणजोबांचं नाव, त्याखाली चार शाखा, त्यातली एक अमेरिकेत, एक कोर्टात. किल्ली धाकट्या काकांकडे, आणि धाकट्या काकांशी कुणी बोलत नाही. जोडीला भाडं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला आणि त्याने मालकाला वर्षाला 4 टक्के वाढ दिली. त्या साली एखाद्या खोलीचं भाडं 30 रुपये असेल, तर 25 वर्षं न चुकता वाढवत नेऊनही ते फार तर 80 रुपयांवर येतं. एवढ्यात कौलं शाकारायला येणारा माणूस शिडीसुद्धा लावणार नाही. मुंबईत जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी वेगळा कर भरणाऱ्या, इमारतींसाठी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ तरी आहे. पुण्याच्या पेठांना तेही नाही. मग छप्पर सोडून दिलं जातं, आणि छप्पर सोडलं की वाडा सोडल्यासारखाच असतो.

छपराचं महत्त्व मला नीट कळलं ते कसब्यातल्या एका रिकाम्या वाड्यात. मालकांनी बोलावलं होतं, एक तरुण इंजिनिअर तपासणीला येणार होता, त्याच्यासोबत आत गेलो. मालक सत्तरीपुढचे, राहायला कोथरूडला. देवडीतल्या, म्हणजे दरवाजालगतच्या पडवीतल्या, फळीवरचे विजेचे मीटर काढून नेलेले, तारांची टोकं लोंबत होती. दाराच्या चौकटींवर ऑइलपेंटने लिहिलेली बिऱ्हाडकरूंची आडनावं मात्र शाबूत. इंजिनिअरने सोप्यातली एक जाडजूड तुळई निवडली. तिला फिकट निळा रंग दिलेला, बघायला धडधाकट. त्याने मधोमध हातोडीने टकटक केलं, आवाज टणक आला. मग तो स्टुलावर चढला आणि जिथे तुळईचं तोंड भिंतीत जातं तिथे स्क्रू-ड्रायव्हर टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला, लोण्यात जावा तसा.

‘‘काका, हिच्यावर वरचा अख्खा माळा आहे,’’ तो म्हणाला.

‘‘अरे, परवा पोरं वर नाचत होती, शूटिंग करत,’’ काका म्हणाले.

कौल फुटतं, पाणी भिंतीच्या पोटात उतरतं आणि तुळईच्या तोंडाशी मुरतं. लाकूड तिथे कुजतं जिथे ते दिसत नाही. वर ऑइलपेंट असला तर ओल आतच कोंडते. माडीची जमीन म्हणजे कडीपाटावर, लाकडी कड्यांवर टाकलेल्या फळ्यांवर, मातीचा जाड थर. भिजला की त्याचं वजन वाढतं, आणि ते पेलायचं काम त्याच कुजलेल्या तोंडांवर पडतं. उलट स्वयंपाकघरातल्या धुराने काळ्याकुट्ट झालेल्या तुळया हातोडीला खणखणीत वाजल्या. चुलीच्या धुराने किडीला लांब ठेवलं होतं. जी खोली मोबाईलवर सगळ्यात भीतिदायक दिसली असती, ती त्या घरात सगळ्यात सुरक्षित होती.

पण माझं लक्ष लागलं ते दुसऱ्याच गोष्टीकडे. दिवाणखान्यात एक सुंदर लाकडी महिरप होती, आणि तिच्या बरोबर मधून विटांची पार्टिशन भिंत गेलेली. अर्धी महिरप एका बिऱ्हाडात, अर्धी दुसऱ्यात. एकीकडच्या अर्ध्या महिरपीत खिळे ठोकून कपड्यांची दोरी बांधलेली, दुसरीकडच्या अर्ध्या महिरपीत देवांचा फळीवजा देव्हारा. सरदाराची बैठक कधी मोडली, शहरात नोकरीला आलेली माणसं कधी भरली, एका खणात, दोन खांबांमधल्या जागेत, किती संसार बसले, हे त्या एका भिंतीवर दिसत होतं. कुठल्या यादीत हे येत नाही. महापालिकेच्या वारसा यादीत वास्तू श्रेणी एक, दोन, तीन अशा लावलेल्या आहेत. पेठांतल्या बहुसंख्य वाड्यांना तिथे जागा नाही, आणि कारणही समजण्यासारखं आहे, सगळेच कसे बसणार? पण यादीबाहेर राहिलेल्याचं पुढे होतं काय? कोरीव खांब जुन्या बाजारात जातो, बुधवारी किंवा रविवारी कुणीतरी फार्महाऊससाठी उचलतो. पार्टिशनच्या विटा राडारोड्यात जातात. महिरप आणि भिंत एकत्र असतानाच ज्याला अर्थ होता, ते दोन टेंपोंतून दोन दिशांना जातं.

नव्या इमारतीचा नकाशा मंजुरीला जातो तेव्हा त्यावर पाडायचं बांधकाम पिवळ्या तिरक्या रेघांनी आणि नवं बांधकाम लाल रंगात दाखवायची पद्धत आहे. दीड-दोनशे वर्षांच्या घराची महापालिकेच्या दप्तरातली शेवटची नोंद बऱ्याचदा एवढीच असते, पिवळ्या रेघांचा एक चौकोन. आर्किटेक्ट नेमलेला आहे, नकाशे निघताहेत, फी भरली जातेय. त्याच फाईलमध्ये जुन्या वाड्याचे मजलावार आराखडे, दोन छेद आणि शे-दोनशे छायाचित्रं लावायला कितीसा खर्च येतो? पेठेतल्या नव्या फ्लॅटच्या भावापुढे तो नजरेतही भरणार नाही. मोजणीला माणसं हवीत म्हणाल तर आर्किटेक्चरच्या अभ्यासक्रमात जुन्या वास्तूची मोजणी करून नकाशे काढण्याचं काम असतंच, आणि पुण्यात अशी महाविद्यालयं भरपूर आहेत. तीच तीच मंदिरं मोजून विद्यार्थी कंटाळलेत.

अमेरिकेत 1933 मध्ये, मंदीच्या काळात, कामाविना बसलेल्या आर्किटेक्टांना सरकारने जुन्या इमारती मोजायच्या कामाला लावलं. त्यातल्या कितीतरी पुढे पाडल्या गेल्या, नकाशे मात्र त्यांच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत आणि कुणीही पाहू शकतो. फ्रान्सने 1984 मध्ये एरवी बंद असणारी स्मारकं वर्षातून एकदा सर्वांना उघडायला सुरुवात केली, ती चाल पुढे युरोपभर पसरली. पण यासाठी परदेशाकडे बघायचीही गरज नाही. 18 व्या शतकाच्या अखेरीस पुण्याचा गंगाराम तांबट वेरूळची लेणी चितारत होता. पेशवे दरबारातला इंग्रजांचा वकील, म्हणजे प्रतिनिधी, मॅलेट याच्यासाठी का होईना, पण जुनी वास्तू बघून, समजून, कागदावर उतरवणारा तो पुण्याचाच माणूस. इतिहासाचार्य राजवाडे वाड्यांच्या माळ्यांवर, फडताळांत, कुजत पडलेली दप्तरं हुडकत गावोगाव हिंडले. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड 1898 मध्ये निघाला तो या धुळीतून, आणि 1910 मध्ये त्यांनीच स्थापन केलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आजही सदाशिव पेठेत उभं आहे. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दरवाजे जमवता जमवता कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषच आणून आपल्या संग्रहालयात पुन्हा उभे केले. दुसऱ्याच्या माळ्यावर काय आहे हे बघायची खोड या शहराला जुनी आहे. फरक एवढाच की राजवाडे दार ठोठावून आत जात. मालक हाकलून देई तेव्हा परत जात आणि पुन्हा येत.

शनिवारवाडा 1828 मध्ये जळला. तो नक्की कसा होता, किती मजली, कुठला महाल कुठल्या चौकात, यावर आपण जोती बघून आणि जुनी वर्णनं वाचून तर्क करत बसतो. आग सांगून लागत नाही. पण पाडकाम सांगून होतं, तारीख ठरवून, जेसीबी भाड्याने घेऊन होतं. तिथे हाच अंधार पुन्हा का म्हणून पत्करायचा?

भिडे वाड्याचं उदाहरण तर अगदी डोळ्यांदेखतचं. 1848 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली ती इथे. दगडूशेठ गणपतीच्या दर्शनाला येणारे लाखो लोक त्याच्यासमोरून गेले असतील. खाली दुकानं, वर ढासळलेलं छप्पर, आणि वर्षानुवर्षं खटला. नोव्हेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो संपला आणि पुढच्याच महिन्यात रात्रीच्या बंदोबस्तात वाडा उतरवला गेला. स्मारक व्हायलाच हवं, त्याबद्दल दुमत नाही, आणि त्या अवस्थेतला वाडा टिकवणं शक्य नव्हतं असं मानायलाही मी तयार आहे. तरी वाटतं, पोरींनी पाटी घेऊन जो जिना चढला तो किती अरुंद होता, उजेड कुठून यायचा, बाहेरच्या रस्त्याचा आवाज आत किती येत असेल, हे उतरवण्याआधी एकदा या शहरातल्या शाळकरी मुलींना तिथे उभं करून दाखवायला हवं होतं. चौकातून का होईना. बहुतेक पुणेकरांनी तो वाडा रस्त्यावरून दिसला तेवढाच पाहिला.

आता आक्षेप. सगळ्यात मोठा सुरक्षिततेचा, आणि तो खराच आहे. पण आज जे चाललंय ते सुरक्षित आहे का? 15 जून 2025 ला तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला, चार जण गेले, पन्नासहून जास्त जखमी झाले. पूल धोकादायक आहे असा फलक तिथे होता. रविवार होता, पाऊस होता, लोक पुलावर उभे राहून फोटो काढत होते. फलक लावला की आपलं कर्तव्य संपलं असं मानणारी यंत्रणा आणि फलक म्हणजे शोभा असं मानणारी जनता, दोघांचं मिळून ते झालं. म्हणून मी म्हणतो ते फलक काढा असं नाहीच. इंजिनिअर आधी पाहील, कुठे जाता येईल ते आखून देईल, माडी बंद म्हणजे बंद. दहा-बारा जणांची तुकडी, डोक्याला हेल्मेट, पावसाळ्यात अजिबात नाही. कित्येक ठिकाणी ‘फक्त देवडी आणि पहिला चौक’ एवढंच निघेल. निघू दे. पूर्णच धोकादायक असेल तर उघडू नये, ड्रोन आणि कॅमेऱ्याने काम भागवावं. जे अधिकृतपणे नीट बघायला मिळणार आहे ते रात्री भिंतीवरून उडी मारून बघायची हौस सगळ्यांची जाणार नाही, हे मला कळतं. भुतांच्या आवाजांना गिऱ्हाईक राहीलच. पण ज्यांना खरंच घर बघायचंय त्यांना दुसरी वाट मिळेल.

दुसरा आक्षेप भाडेकरूंचा, आणि यावर मी जास्त सावध आहे. ‘धोकादायक’ हा शिक्का म्हणजे मालकाने आपल्याला बाहेर काढायचं हत्यार, असं पेठांतले भाडेकरू मानतात. दर वेळी ते खोटं असतंच असं नाही. तिथे फायली, कॅमेरे, अनोळखी माणसं घेऊन गेलात तर त्यांना बिल्डरचीच माणसं वाटणार. म्हणून जिथे एक जरी बिऱ्हाड राहत असेल तिथे सार्वजनिक दर्शन नको. माणसं आत असताना घर बघायला जाणं हा तमाशा आहे, आणि रील करणारी मुलंसुद्धा हा नियम बहुधा पाळतात. मोजणीच्या वेळी मात्र कोणती खोली कुणाकडे होती हे नकाशावर उतरलं, तर उद्या पुनर्विकासात जागा मागताना ते भाडेकरूच्याच कामी येईल.

मालक म्हणतील, आमची खासगी मिळकत, लोकांना काय म्हणून दाखवायची? घरातली भांडणं, देवघर, कर्जं दाखवा असं कुणी म्हणत नाही. रिकामी वास्तू, पाडायची परवानगी मागताना, एकदा. नव्या इमारतीसाठी शहर तुम्हाला चटईक्षेत्र देतं, पाणी देतं, ड्रेनेज देतं. त्या वर्षाच्या मिळकत करात सूट द्या, पण तारीख पुढे ढकलायची मुभा कुणालाही असू नये. या योजनेमुळे परवानगी सहा महिने लटकली तर ती पहिल्याच वर्षी बदनाम होईल, आणि व्हावीच. अर्जासोबत नकाशे, ठरलेल्या रविवारी दार उघडं, सोमवारी परवानगी.

प्रभात फिल्म कंपनी बंद पडल्यावर तिच्या स्टुडिओत 1960 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आली, म्हणून आजही विद्यार्थी त्याच जुन्या शूटिंग फ्लोअरवर शिकतात. 1893 च्या राजा बहादूर मिलच्या शेडमध्ये आज खाणं-पिणं आणि संगीत चालतं. नाकं मुरडणारे आहेत, मला मात्र ते पाडण्यापेक्षा बरं वाटतं. पण असं नशीब मोठ्या वास्तूंचं असतं. कसब्यातल्या दोन खणी घराला कुणी पब करणार नाही की इन्स्टिट्यूट.

खासगी मालकांवर सक्ती आणायला नियम बदलावे लागतील, हरकती-सूचना होतील, कोर्टात कुणीतरी जाईल. ते होईपर्यंत महापालिकेला एक काम उद्यापासून करता येईल, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. तिच्या स्वतःच्या मिळकतींत कुलूपबंद खोल्या, वापरात नसलेल्या इमारती, जुनी क्वार्टर्स आहेत. विश्रामबागवाडा दुरुस्त करताना, नानावाड्यावर काम करताना जे ज्ञान कारागिरांनी आणि वारसा विभागाने कमावलं ते घरातच आहे. या मिळकतींची यादी वेबसाइटवर टाका, कुठल्या इमारतीची किल्ली कुठल्या खात्याकडे आहे ते तिच्यापुढे लिहा, आणि त्यातली पहिली इमारत कोणत्या रविवारी उघडणार ते जाहीर करा. किल्ल्यांचा रकाना भरायलाच सगळ्यात जास्त वेळ लागेल असा माझा अंदाज आहे.